शेवटची पाने नसलेल्या पाच मुली

ता. ३ जून, मंगळवार. सकाळी दहा.
देवाच्या कृपेने आजची आवक. कपड्याचा साबण, सहा वड्या (एक फुटकी, म्हणून पाचांचेच पैसे दिले). गहू दहा किलो. दिव्याच्या वाती, एक जुडी. सस्पेन्स कादंबऱ्या पाच, मिळून चाळीस रुपये.

रद्दीवाला शंभर म्हणत होता. पण पाचही पुस्तकांना शेवटची पाने नाहीत. त्याच्या गोदामातल्या उंदरांनी शेवटापासून सुरुवात केली. जे नाहीच त्याचे पैसे कसले, असे मी म्हटले. तो म्हणाला, ताई, खरी मजा तर शेवटीच असते. मी म्हटले, मग ती उंदरांकडून वसूल कर.

पाचही पुस्तकांत पंधरा ते सतरा वर्षांच्या मुली पळवून नेलेल्या आहेत. एक लिफ्टमधून, एक नाटकाच्या मेकअपरूममधून, एक सायकलसकट. नीट बघितले तर पाचातल्या पाचही घराबाहेर असताना गेल्या. हिशेब स्पष्ट आहे.

आमची छकुली सतराची झाली. तिला परगावच्या कॉलेजातून जमीनमोजणीच्या डिप्लोमाचे पत्र आले आहे. दोन वर्षे, हॉस्टेल. तीस तारखेपर्यंत उत्तर पाठवायचे. मी नाही म्हटलेले नाही. मी कुणाला कशाला नाही म्हणतच नाही. जमीन काय पळून जाते का, मोजायला एवढ्या लांब जायला, एवढेच विचारले. तिचे तिलाच नकोसे वाटावे, एवढी सोय करायची. ती आज चाळीस रुपयांत झाली.

पत्र देवापुढे ठेवले आहे. त्याने ठरवावे.

ता. ५ जून, गुरुवार.
छकुलीने दोन दिवसांत दोन पुस्तके संपवली. घाबरली नाही. उलट जेवण वाढले.
विचारत आली, आई, पुढची पाने कुठायत. मी म्हटले, समजूतदार वाचकाला ती लागत नाहीत. ती म्हणाली, अगं, ती तळघरात आहे, पाणी गळ्यापर्यंत आलंय आणि पुस्तक संपलं. मी म्हटले, ओसरेल.
हे टपाल कचेरीत पत्रांच्या छाटणीला असतात. घरी आल्यावर एक शब्द बोलत नाहीत. आज जेवताना एकदम म्हणाले, मला तर त्या जिमखान्याच्या मास्तरचाच संशय येतोय. म्हणजे हेही वाचतात.

ता. ८ जून, रविवार.
पाचही पुस्तके संपली. घराची अवस्था वाईट. छकुली जिन्यात बसून तर्क लढवते. समोरच्या शिकवणीवाल्या बाईंची मुलगी चष्मेवाली, तिनेही पुस्तके नेली. आज दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. पूर्ण प्रती विकत आण म्हणतात. दुकानात चौकशी केली. एका पूर्ण प्रतीच्या किमतीत आमचा आठवड्याचा भाजीपाला येतो.

संकल्प: शेवट मी लिहिणार. मॅट्रिकला निबंधात मला सत्तर टक्के होते, आणि विषय समुद्र होता. समुद्र मी पाहिलेलासुद्धा नव्हता. या मुलींना मी निदान पुस्तकांच्या पाठीवरच्या चित्रात तरी पाहिले आहे.
रोज पूजेनंतर एक तास. पाठकोरे कागद वापरायचे. महिनाअखेर पाचही मुली सुखरूप घरी. प्रत्येक शेवटाला एक बोध, की घरी बसावे. छकुली वाचेल, विचार करेल, आपण होऊन कॉलेजला नाही कळवेल. मला वाईटपणा नको.

ता. ११ जून, बुधवार.
पहिला शेवट सुरू. तळघर.
लेखकाला तळघराची माहिती नाही. एवढे पाणी साचू दिले तर भिंतीला ओल धरणार. मुलीने आधी पाणी उपसले. बादली किडनॅपरने आणून दिली. त्यांच्या टोळीच्या म्होरक्याचे नाव कोल्हा. मग फरशी पुसली. आपण राहिलो ती जागा अस्वच्छ टाकून जाऊ नये, मग ती कुणाची का असेना.
दोन पाने झाली. मुलगी अजून आतच आहे. उद्या सुटेल.

ता. १२ जून.
सुटली नाही. संध्याकाळ झाली होती. त्या वेळी वयात आलेली मुलगी एकटी रस्त्यावर कशी सोडायची. सकाळवर ठेवले.

ता. १४ जून, शनिवार.
मूळ पुस्तकात तिला तीन दिवस कोरडा पाव आणि पाणी. वाचून अंगावर काटा आला. या वयात हाडे भरायची असतात. बरे, टोळीत चार पुरुष, आणि एकालाही स्वयंपाक येत नाही. चौघे बाहेरचे खातात. कोल्हा जो उठसूट ओरडतो ते पित्तामुळे, हे लेखकाच्या लक्षात आले नाही. माझ्या आले. मुलीने त्याला सकाळी उपाशीपोटी कोमट पाणी सुरू केले. दोन पानांत तो माणसांत आला. चौघे दारात गाडी उगीच सुरू ठेवायचे, तेही तिने बंद केले.
शेवटी कोल्हा रडतो. म्हणतो, पोरी, तू आजपासून मोकळी. पण बाहेर पाऊस आहे, थांब.
मला त्याचे म्हणणे पटले.

ता. १५ जून, रविवार.
ह्यांनी सात पाने वाचली. म्हणाले, हिला पळवून नेलंय की हिचं लग्न झालंय.
पुरुषांना सस्पेन्स कळत नाही.

ता. १७ जून, मंगळवार.
आजपासून दुसरे पुस्तक, मेकअपरूमवाली. यातले खंडणीचे पत्रही उंदरांनी नेले आहे. ते मला नव्याने लिहावे लागले. धमकी साधत नव्हती. पहिल्या मसुद्यात शेवटी कृपया आले, दुसऱ्यात घरी सर्वांना नमस्कार. सात-आठ मसुदे झाले. शेवटचा बरा उतरला: तुमची मुलगी आमच्या नजरेत आहे. सांगितले तेवढे निमूट करा. पोलिसांना कळवाल तर परिणाम वाईट होतील.
देवाला वाचून दाखवला. त्याने नापसंती दाखवली नाही.
दूधवाल्याला चिठ्ठी ठेवली. उद्यापासून पाव लिटर जास्त. लिहिताना डोके लागते.

ता. १९ जून, गुरुवार.
काल पाव लिटर जास्त सांगितले तर एक लिटर आले. आज दोन. शिवाय दुधाला पाणी नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा साय बोटाला चिकटली. दूधवाल्याला हाक मारली तर तो वळलाच नाही, किटली वाजवत पळाला. पैसे मागितले नाहीत.
ही देवाची कृपा. चांगल्या कामाला तो बसल्या जागी पुरवतो.
दुसऱ्या मुलीने टोळीचे पडदे धुतले. उद्या सुटेल.

ता. २० जून, शुक्रवार.
शिकवणीवाल्या बाई आल्या. चढ्या आवाजात होत्या. चष्मेवालीने माझा पहिला शेवट वाचला आणि आईला विचारले, असे किडनॅपर कुठे मिळतात. तिथे जेवण वेळेवर, आवाज कुणाचा नाही, आणि मुख्य म्हणजे शिकवणी नाही. काल संध्याकाळी ती कपड्यांची पिशवी भरून बसथांब्यावर बसून होती. एका सभ्य गृहस्थाने वेळ विचारली तर ही त्याला म्हणाली, चला.
तो गृहस्थ बस सोडून पळाला म्हणे.
बाई म्हणाल्या, तुम्ही लिहिता तरी काय. मी नम्रपणे सांगितले की मी फक्त शेवट लिहिते. त्या म्हणाल्या, माझा लिहू नका.
हेवा. बाई बी.ए. आहेत, पण वाचकाला घराबाहेर काढणे त्यांना जमलेले नाही.
(नंतर विचार केला. वाचकाला घरात ठेवायचे होते. काही हरकत नाही. छकुली त्यांच्या मुलीपेक्षा समजूतदार आहे.)

ता. २२ जून, रविवार.
शिकवणीवाल्या बाईंनी राग गिळला, कारण बातमी मोठी होती. दूधवाल्याला कुणीतरी लेखी धमकी दिली आहे. त्याला एकच मुलगी, तेरा वर्षांची, बाईंकडेच शिकायला येते. बुधवारपासून तिची शाळा बंद, शिकवणी बंद. बापाने तिला आतल्या खोलीत ठेवले आहे आणि खिडकीला फळ्या ठोकल्या आहेत. बाई म्हणाल्या, चिठ्ठी मी पाहिली. अक्षर असं वळणदार की काय सांगू. गुन्हेगार शिकलेला आहे.
मॅट्रिकचे अक्षर लपत नाही. क्षणभर बरे वाटले.
मग लक्षात आले. पाठकोरा कागद. एका बाजूला पाव लिटर, दुसऱ्या बाजूला सांगितले तेवढे निमूट करा.
घाबरण्यासारखे काही नाही. गैरसमज आहे, दूर करता येतो. लगेच दुसरी चिठ्ठी लिहून रिकाम्या भांड्याखाली ठेवली: घाबरू नका. मुलगी सुखरूप आहे. दूध चांगले आहे, असेच चालू राहू द्या.
यापेक्षा स्पष्ट काय लिहिणार.

ता. २३ जून, सोमवार.
दारात तीन लिटर दूध, डबाभर लोणी, आणि वाकड्यातिकड्या अक्षरात चिठ्ठी: साहेब, अजून काय पायजे ते सांगा. पोरीला हात लावू नका.
साहेब म्हटलेले आवडले, बाकी नाही.
चिठ्ठी छकुलीच्या हाती पडली. तिने माझ्याकडे पाहिले, कागद उलटसुलट केला, चपला घातल्या आणि गेली. विचारलेसुद्धा नाही. दूधवाल्याचा गोठा गावाच्या टोकाला, रेल्वे फाटकाच्या पलीकडे. तिथपर्यंत ती एकटी कधी गेली नव्हती. मी दारात उभी राहिले. जप केला. मग नुसतीच उभी राहिले.

दुपारी परत आली. गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणाली, काका आधी दार उघडेनात. त्यांना वाटलं, टोळीनं मुलगी पाठवली. तासभर दारातून समजावलं. मग मुलगी बाहेर आली. उजेडात तिला डोळे उघडता येत नव्हते. मी तिला शाळेत सोडून आले.
मला फार वाईट वाटले. मी म्हटले, केवढे हे भय. काहीतरी होईल म्हणून वाढत्या मुलीला कुणी असे कोंडून ठेवते का. तिने जग कधी पाहायचे. काही लोकांना मुली सांभाळताच येत नाहीत.
ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. छकुली पायाचा चिखल काढत होती. म्हणाली, हो ना आई.
अलीकडे तिला माझे बरेच पटते.

दुधाचे सगळे पैसे चुकते केले. ह्यांच्या हातून. मला वेळ नव्हता.

ता. २५ जून, बुधवार.
दूध पुन्हा पातळ. साय नाही.
पण लेखनाची बाजू उजळ आहे. पहिल्या शेवटाची छकुलीने स्वच्छ प्रत केली आणि त्या प्रतीवर मुलींच्या उड्या पडत आहेत. चष्मेवालीने जिन्यात गाठून सांगितले, काकू, शेवट एक नंबर आहे, मी दोनदा रडले. दूधवाल्याची मुलगीसुद्धा वाचून गेली. मी म्हटले, लेखकाने वाचकाचा विचार करावा लागतो, बाळ.
मग म्हटले, आपणच एकदा वाचावे.

पाणी उपसणे आहे. फरशी आहे. पित्त आहे. कोल्हा म्हणतो, बाहेर पाऊस आहे, थांब. इथवर माझे. पुढे छकुलीचे.
मुलगी म्हणते, मला माहीत आहे पाऊस आहे. मी निघते.
कोल्हा म्हणतो, जेवून जा.
ती जेवते. ताट धुते. चपला शोधते. एक सापडते, दुसरी कोल्हा पलंगाखालून काढून देतो. ती जाते. तो दारात उभा राहतो, तिची छत्री दिसेनाशी होईपर्यंत.
बस, एवढेच. बोध नाही.
मी समासात लिहिले, जेवणाआधी हात धुतल्याचा उल्लेख राहिला. दुपारी पडले, पण डोळा लागला नाही. कोल्ह्याला पलंगाखाली वाकवायला नको होते. त्याचे गुडघे दुखत असणार.

ता. २७ जून, शुक्रवार.
ह्यांनी विचारले, त्या कॉलेजला उत्तराचं काय. मी म्हटले, पत्र देवापुढे आहे. त्याने अजून काही कळवलेले नाही. हे म्हणाले, त्याला टपालाच्या वेळा माहीत नसतील. शेवटची पेटी पाचला उघडते.
छकुली म्हणाली, आई, तू हो म्हण नाहीतर नाही म्हण. नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही. पण म्हण.
मी म्हटले, पाचवा शेवट होऊ दे.
तिने विचारले, चार झाले का. मी म्हटले, होतील. ती म्हणाली, चौघी अजून आतच आहेत ना.
आत म्हणजे काय. सायकलवाली अंगणापर्यंत येते रोज.

ता. २९ जून, रविवार.
आज दिवसभर बसून चौघींना दरवाज्यापर्यंत आणले. एकीला सर्दी झाली. दोघींचे केस ओले होते. सायकलवालीच्या सायकलीत हवा नव्हती. माझा काही दोष नाही.
छकुली आज काही बोलली नाही. भांडी घासली, देवाजवळ दिवा लावला, माझे पाय चेपले. पुन्हा विचारणार नाही म्हणाली होती, ते तिने आतापासूनच सुरू केलेले दिसते. घर एकदम शांत. शिस्तीच्या दृष्टीने उत्तम.
जेवण गेले नाही.

ता. ३० जून, सोमवार. दुपारी चार.
देवापुढचे पत्र उचलून नीट वाचले. आजवर वाचले नव्हते, नुसते ठेवले होते. खाली पालकांच्या सहीसाठी दोन ओळी आहेत. एकीवर ह्यांची सही. शाई वाळून जुनी झालेली. कधी केली, देव जाणे. दुसरी ओळ रिकामी.
आणि सोबत उत्तराचे पाकीट. कॉलेजने पत्ता छापून, तिकीट लावून पाठवलेले. पुरे तिकीट. महिनाभर ते देवापुढे तसेच पडून होते. उत्तर गेले नाही तर ते फुकट. वापरून टाकता येत नाही, कारण छापील पत्ता. वाफेवर काढावे तर डिंक पक्का.
असली नासाडी मला बघवत नाही. सही केली. केवळ तिकिटासाठी.
छकुलीला सांगितले, पेटीत टाकून ये, पाचच्या आत. ती पाकीट घेऊन उभीच राहिली. मी म्हटले, अशी बघतेस काय, तिकीट वाया जाईल. ती धावत गेली. एकच चप्पल घालून गेली की काय, असा आवाज येत होता.

ता. ५ जुलै, शनिवार. सकाळी.
छकुली सातच्या बसने गेली. सामान: बिछाना, ट्रंक, साबण दोन वड्या, लोणच्याची बरणी (झाकण दोऱ्याने बांधले आहे).
हे तिला बसवून आले. मला स्टँडवर यायला सांगत होते. मी म्हटले, घर कुणी बघायचे.
बस वेळेवर सुटली म्हणाले.
आज लेखन नाही. मूड नव्हता असे नव्हे. कागद संपले.

ता. ८ जुलै, मंगळवार.
शिकवणीवाल्या बाई येऊन बसल्या. म्हणाल्या, पाठवलीत की हो. मी म्हटले, मी पहिल्यापासून त्याच बाजूची. मुलींनी जग पाहावे. तुमच्या चष्मेवालीलाही पाठवा कुठेतरी. त्यांनी माझ्याकडे बघितले आणि दुसरा चहा घेतला.
छकुलीचे पत्र नाही. हे रोज छाटणीत बघतात.

ता. ९ जुलै, बुधवार. दुपार.
आज जमले. एका बैठकीत चौघी सुटल्या. सर्दीवालीला कानाला रुमाल बांधून दिला. केस ओलेच राहू दिले, वाळतात वाऱ्याने. सायकलीत हवा भरली. चौघीही उंबरठा ओलांडून रस्त्यावर आल्या.
तिथे अडले.
रस्त्यावर आल्यावर मुलगी काय करते? डावीकडे वळते की उजवीकडे? कुणाला विचारते? एकटीने तिकीट काढताना आधी पैसे द्यायचे की आधी गाव सांगायचे? मी या घरी आले तेव्हा गाडी दारात आली होती. माहेरच्या दारात बसले, इथल्या दारात उतरले. मधला रस्ता बघितलेला नाही, डोळे भरलेले होते. नंतर गेले ते ह्यांच्या मागून. ह्यांना आठवत नाही, म्हणतात, अगं, रस्त्यानं चालतात, दुसरं काय.
तासभर चौघी तशाच उभ्या होत्या. त्यांना ताटकळत ठेवणे बरे दिसेना. तेव्हा पुढीलप्रमाणे कार्ड लिहिले. नोंद असावी म्हणून इथे उतरवते.

चि. छकुलीस आशीर्वाद.
इकडे सर्व क्षेम आहे. तू नाहीस म्हणून काही अडत नाही. भाजी उरते, ती मी संध्याकाळी खाते.
कामाचे लिहिते. पुस्तकांचे शेवट थांबले आहेत, केवळ माहितीअभावी. वाचक खोळंबले आहेत. तरी बसमधून उतरल्यापासून काय काय झाले ते क्रमवार लिही. स्टँडवर कुणी भेटले का, ट्रंक कुणी उचलली, हॉस्टेलचे दार कुणी उघडले. भीती वाटली का. वाटली असेल तर किती वेळ, आणि मग तू काय केलेस. मोजणीला बाहेर नेतात तेव्हा उन्हात डोक्यावर काय घेतेस. जेवतेस ना, हे पुस्तकासाठी नाही, असेच विचारते.
सोबत उत्तराचे जोडकार्ड आहे. पत्ता मी घालून ठेवला आहे, तिकीट छापील आहे, तेव्हा वाया घालवू नकोस. दोन्ही बाजूंनी लिही, जागा सोडू नकोस. चौघी रस्त्यात उभ्या आहेत. उलट टपाली कळव.